टोपणनाव

भूमिकाने फळ्यावर ‘ज्यूद्वेष’ लिहिलं आणि खडू परत डबीत ठेवला. वडिलांच्या दिवसकार्यानंतर ती आज पहिल्यांदाच वर्गावर आली होती.

वडील, शांतीलाल सर, शहाद्याच्या याच शाळेचे मुख्याध्यापक होते. दुपारी त्यांची शोकसभा होती. गेटवर फ्लेक्स लागला होता. हार घातलेला फोटो. त्याखाली ‘आमचे लाडके’, मग एका ओळीत एकटाच, जाड लाल अक्षरांतला ‘हिटलर’, आणि शेवटी ‘सर’.

फ्लेक्स बन्सीलालने, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, छापून आणला होता. तो शब्द काढता येईल का, असं तिने सकाळी त्याला विचारलं होतं.

“आते छपी गयं ना, ताई. आनि प्रेमनं नाव शे ते. सर उनात का आम्ही म्हनूत, हिटलर उना, पया रे! सरबी हासेत.”

‘हिटलर आला, पळा’ ऐकून सर हसत, हे खरं होतं. घंटा झाली म्हणून ती वर्गाकडे वळली होती.

“मॅडम, गॅस चेंबरचं सांगा ना,” मागून नवनीत म्हणाला.

“सुरुवात तिथून नाही झाली. आधी ज्यूंची टिंगल झाली. मग यांच्या दुकानातून घेऊ नका, यांच्या मुलांशेजारी बसू नका. शेजारचे लोक बघत राहिले. चेंबर फार उशिरा आलं.”

“पुस्तकात आहे, साठ लाख ज्यू मारले. साठ लाख म्हणजे किती, मॅडम?”

“आपल्या नंदुरबारसारखे तीन जिल्हे रिकामे केले तरी पुरायचे नाहीत.”

पहिल्या बाकावरची रिम्शा उभी राहिली. तिने आधी खिडकीतून गेटकडे बघितलं, मग भूमिकाकडे.

“मॅडम, मग सरांना ते नाव कशाला?”

“कडक होते म्हणून,” नवनीतने परस्पर सांगून टाकलं.

“कडक तर माझे अब्बूपण आहेत,” रिम्शा म्हणाली.

भूमिकाने डस्टर उचललं, पण फळा तसाच ठेवला.

“बस, बेटा,” ती एवढंच म्हणाली.

तास संपल्यावर ती गेटवर गेली. बन्सीलाल खुर्च्या मांडून घेत होता. तिने टाचा उंचावून फोटोवरचा झेंडूचा हार सोडवला, दुहेरी केला आणि त्या लाल ओळीवर आडवा बांधला. गाठ बसेना, तेव्हा दातांनी दोरा ओढला.

“फोटोले हार नको का, ताई?”

“नको.”

बन्सीलालने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. हाराशिवाय सर नेहमीसारखे थेट बघत होते, प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांकडे बघत तसे.

त्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.