तांबू कुणाच्या मागे गेला

कोंडीला काही केल्या उमजेना. सख्ख्या दिराला अंगाला हात लावू न देणारा तिचा तांबू त्या मुंबईच्या नटामागे शेपूट हलवत जातोच कसा?

पळसदरीच्या धरणाकडेला मुक्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. एक भणंग आणि त्याचं कुत्रं गावभर खोड्या काढतात नि मार खातात, असला गमतीचा प्रकार. कुत्रं म्हणून तांबूला घेतलेलं. आवाज घ्यायचाच नाही म्हटल्यावर कोंडीला वाटलं, बरंच झालं, आपण बाजूने 'बस रं, ऊठ रं' ओरडत राहू. कसलं काय! देवेश नावाचा तो नट फाटका काळा कोट चढवून आला, आणि तांबू धावत जाऊन त्याच्या पायाशी लोळला. कोंडीच्या हाकेला मेल्याने कानही हलवला नाही.

"मावशी, याला घेऊन जाऊ का मुंबईला?" देवेशने विचारलं. "फार जीव लावलाय त्याने मला."

कोंडीने तांबूकडे पाहिलं. तिचा नवरा पोशा गेल्या पावसाळ्यात वारला. तेव्हापासून घरात बोलायला हे एवढंच जनावर.

"त्याचं त्याला ठरवू दे," ती ताठ्याने म्हणाली. पण तिची नजर काही देवेशवरून हटेना. काय असेल या बाबाकडे? खिशात सुकट ठेवतो की काय?

संध्याकाळी काम आटोपलं. देवेशने कोट खुर्चीवर टाकला आणि गाडीकडे निघाला. "चल, तांबू!"

तांबू जागचा हलला नाही. लोंबत्या बाहीत नाक खुपसून बसून राहिला.

आता मात्र कोंडीला राहवेना. तिने जाऊन कोटाचा खिसाच उलटा केला. सुकट नव्हती. आत निळं ठिगळ होतं, तिच्याच जुन्या लुगड्याचं, तिच्याच वाकड्या टाक्यांचं. फार्महाऊसच्या राखणीवर पोशा घालायचा तोच कोट! तो गेल्यावर डोळ्यांसमोर नको म्हणून तिनेच बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं. सिनेमावाल्यांनी त्या बोहारणीकडून उचलला असणार आणि वर काजळी फासली, म्हणून तिला ओळखू आला नव्हता.

"अगं बया! आन् मी येडी, तुझ्यावर रुसले रं," म्हणत ती तांबूजवळ मटकन बसली आणि रडली.

"मावशी, काय झालं?" देवेश धावत आला.

कोंडीने डोळे पुसले, कोट अंगात घातला.

"कोट उद्या कामाला आनून देते सकाळी," ती म्हणाली. "पन रातीचा ह्यो घरी येनार."

तांबू केव्हाच वाडीच्या वाटेला लागला होता.