बर्फाच्या कारखान्यातला अल्बम

जमालच्या मुलीच्या लग्नात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून फैसल त्या आणायला बर्फाच्या कारखान्यात गेला आणि बराच वेळ परत आलाच नाही.

कारखाना जमालचाच. तोंडवलीच्या रस्त्याला, खाडीच्या अंगाला. एके काळी इथल्या लाद्या मालवण बंदरातल्या होड्यांना जायच्या. मग गावातल्याच सर्वेशने बर्फाचा नवा कारखाना काढला, जमालची यंत्रं जुनी झाली, आणि त्याने बर्फ बंद करून नुसता मासळीचा धंदा धरला. रिकाम्या इमारतीत आता नातेवाइकांच्या लग्नाच्या खुर्च्या आणि कढया पडून असत.

फैसल जमालचा मामेभाऊ. त्याचे वडील तरुणपणी बोटीवर लागले आणि बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. फैसल तिथेच जन्मला. घरात मालवणीच बोलायचे, त्यामुळे त्याला ती येत होती, फक्त तोंडात गरम बटाटा असल्यासारखी.

जमाल शोधत आला तेव्हा आतल्या लाद्यांच्या खोलीत फैसल एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"काय रे, मांडव सोडून हयसर टाळ्यो कित्याक वाजवतस?"

"जमालभाई, ह्या खोलयेत आवाज परत येणां नाय. बघ." त्याने पुन्हा टाळी वाजवली.

"येतलो कसो? थंडी भायर जाव नये म्हणान भिंती हातभर जाड बांदल्यो आसत. आत सगळां बूच आणि थर्माकोल. चल, खुर्च्यो उचल. व्याही उभे आसत."

फैसलने खुर्च्या उचलल्या, पण त्या रात्री जेवताना त्याने विषय काढलाच. तो एका रॉक बँडमध्ये की-बोर्ड वाजवायचा. बँडचं नाव सिल्व्हर टेरेस. गिटारी कडक, पण चाली गोड. दुसऱ्यांदा ऐकताना माणूस आपोआप गुणगुणायला लागेल अशा. पहिला अल्बम थोडाफार चालला. दुसरा करताना बँडचा गायक मार्टिन एकेक गाणं शंभरदा गात बसला. नाही, हे नको, परत घेऊ. असं करत वर्षं गेली. शेवटी अल्बम आला तो गुळगुळीत आणि बेचव. अल्बम काढणाऱ्या कंपनीने हात वर केले. आता तिसरा करायचा तर स्टुडिओ परवडणारा नव्हता.

"तर मग आमच्या कारखान्यात करा," जमाल म्हणाला. "पावसाळो सरलो की मी ती इमारत पाडतलंय. तुज्या भाभीच्या, सनोबरच्या मनात थंयसर पर्यटकांसाठी खोल्यो बांदूच्यो आसत. तोवर कोणाक व्हयी?"

त्याला वाटलं होतं, लग्नाच्या गडबडीत बोललेली गोष्ट आहे, विसरली जाईल. पण ईद झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दोन गाड्या भरून सामान आलं. बरोबर फैसल, मार्टिन, ड्रम वाजवणारा कॉलिन आणि बेस गिटार वाजवणारी ग्वेन. कॉलिन जाडजूड आणि अबोल होता. ग्वेनने आल्याबरोबर चपला काढून रहमतबीच्या, म्हणजे जमालच्या आईच्या, पायांशी बसून आंबोळ्यांवर ताव मारला. मार्टिन उंच, पन्नाशीकडे झुकलेला, केस मागे बांधलेले. तो सगळ्यांशी फार अदबीने वागत होता आणि काहीच नीट खात नव्हता.

"ह्येका कसली काळजी लागली?" रहमतबीने विचारलं.

"अल्बमची, फुफी," फैसल आत्याला म्हणाला.

पहिल्याच दिवशी सगळं फसलं. बर्फ नसलेली बर्फाची खोली म्हणजे भट्टी, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दार लावलं की आवाज उत्तम, पण दहा मिनिटांत माणसं घामाने निथळायची. गिटारीच्या तारा उतरायच्या. दुपारी फैसलचा की-बोर्ड तापून बंदच पडला. एसी लावायचा तर त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येणार.

मार्टिन बाहेर येऊन पायरीवर बसला. "गोव्यात एखादा नीट स्टुडिओ असेल," तो म्हणाला.

"तिथे चार दिवस मिळतील. मग पैसे संपतील," ग्वेन म्हणाली.

जमालला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण हे समजलं. त्याने खिशातून फोन काढला आणि सर्वेशला लावला.

"सर्वेशा, उद्या सकाळी कारखान्यार लाद्ये पाठय. टेम्पो भरून."

पलीकडून बराच वेळ हसणं ऐकू आलं. "जमालभाई, तुमच्या कारखान्यात मी बरफ पाठवू?"

"पाठय रे. हसान झालां काय पाठय."

दुसऱ्या दिवशी लाद्या आल्या. जमालने त्या भिंतीच्या कडेने, जुन्या लाकडी फळ्यांवर, पूर्वी लावायचा तशाच लावल्या आणि दार ओढून घेतलं. अर्ध्या तासात खोली अशी गार झाली की कॉलिनने शर्ट चढवला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक गाणं शेवटपर्यंत वाजवलं.

पण बर्फ म्हटल्यावर तो वितळणारच. दोन-अडीच तासांनी टपटप सुरू व्हायची. आधी एक थेंब, मग दोन, मग सगळ्या लाद्यांतून. माइकमध्ये ती स्पष्ट ऐकू यायची. मग वायरी उचला, जमीन पुसा आणि उद्याची वाट बघा. मार्टिनला हे सोसवेना. त्याला एकेक गाणं वीसदा गायची सवय, आणि इथे चौथ्या-पाचव्या वेळेलाच पाणी बोलायला लागायचं. संध्याकाळी तो हेडफोन लावून दिवसभराचं काम ऐकायचा आणि म्हणायचा, "हे पुसा. उद्या नव्याने करू." पंधरा दिवस झाले तरी एकही गाणं त्याने पक्कं केलं नव्हतं. ग्वेन त्याच्याशी कमी बोलायला लागली.

मग मार्टिन आजारी पडला. भर दुपारी टोपी न घालता किनाऱ्यावर लांबवर चालत गेला आणि उन्हाने ताप घेऊन आला. सनोबरने त्याला माजघरातल्या गार जमिनीवर गादी घालून दिली, कोकमाचं सरबत पाजलं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर दिल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उठायचं नाही.

सकाळी टेम्पो कारखान्याच्या दारात आला. आज बर्फ नको म्हणून कळवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"आता हेचां काय करू?" जमालने विचारलं. "मासळेक लावू?"

फैसल लाद्यांकडे बघत उभा होता. ग्वेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं ते गाणं घेऊ या. वडिलांचं."

वडील गेल्यानंतर फैसलने ते लिहिलं होतं. एक माणूस परक्या देशात रोज रात्री खिडकी उघडून समुद्र ऐकायचा प्रयत्न करतो, आणि ऐकू येते ती फक्त मोटारींची सळसळ, असं काहीतरी त्यात होतं. मार्टिनने ते बाजूला ठेवलं होतं. आपल्या गळ्यात बसत नाही म्हणायचा.

"गाणार कोण?" फैसलने विचारलं.

"तू. मार्टिन बरा झाला की त्याचा आवाज भरू. तोवर नुसता नमुना म्हणून."

नमुना म्हटल्यामुळे फैसलचा जीव हलका झाला. तो आयुष्यात कधी पुढे उभा राहून गायला नव्हता. मागे की-बोर्डशी बसून कोरसमध्ये आवाज मिसळायचा, तेवढंच. कॉलिनने काठ्या वाजवून मोजलं आणि ते सुरू झाले. पहिल्या खेपेला फैसल शब्द विसरला. दुसऱ्या खेपेला कॉलिन चुकला आणि सगळे हसले. तिसऱ्या खेपेला कोणी चुकलं नाही.

जमाल आत दाराशी बसला होता. त्याला शब्द कळले नाहीत. पण कोरस आला तेव्हा फैसल डोळे मिटून, मान वर करून गात होता, आणि ग्वेन त्याच्याकडे बघत वरचा सूर धरत होती. जमालचा पाय आपोआप ठेका धरायला लागला. आवाज जाईल म्हणून त्याने तो आखडून घेतला.

गाणं संपल्यावर कॉलिनने काठ्या खाली ठेवल्या. मग तो म्हणाला, "चहा घेऊ या का?" आल्या दिवसापासून त्याने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं.

दोन दिवसांनी मार्टिन उठला. ओसरीवर बसून पेज खाल्ली आणि म्हणाला, "काय केलंत ते ऐकवा."

फैसलने त्याला हेडफोन दिले आणि स्वतः विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. गाणं संपलं. मार्टिनने परत लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. सनोबर भांडी घासता घासता थांबली होती. ग्वेन नखं खात होती. शेवटी मार्टिनने हेडफोन काढले आणि फैसलला हाक मारली.

"हे मी गायचं म्हणतोयस?"

"तसंच ठरलंय. तो फक्त नमुना आहे."

मार्टिनने हेडफोन मांडीवर ठेवले. "मी गायलो तर बिघडेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. हे म्हणणं त्याला सोपं गेलं नव्हतं. "दुसऱ्या कडव्यात तुझा आवाज जरा चिरतो. ते तसंच राहू दे. मला फक्त कोरसच्या खाली गाऊ दे. खालच्या सुरात."

फैसलने होकाराची मान हलवली.

त्यानंतर कामाची तऱ्हाच बदलली. मार्टिनने सांगितलं, आपण लाद्या असेपर्यंत वाजवायचं, आणि त्यातलं जे चांगलं निघेल ते ठेवायचं. संध्याकाळी तो हेडफोन लावेनासा झाला. जमालबरोबर बंदरावर लिलाव बघायला जायचा, परत येऊन तिरफळं घातलेलं बांगड्याचं झणझणीत तिकलं चाटूनपुसून खायचा आणि झोपायचा. काही गाण्यांत चुका राहिल्या. एकात कॉलिनची काठी निसटल्याचा आवाज आहे. पण मे महिन्याच्या अखेरीला, समुद्र खवळायच्या आत, दहा गाणी तयार होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी फैसलने रहमतबीला आपलं गाणं ऐकवलं. तिने कानावरची ओढणी मागे सारली आणि डोळे बंद करून शेवटपर्यंत ऐकलं.

"फुफी, अब्बांसारखो वाटता काय आवाज?" त्याने भीत भीत विचारलं.

रहमतबी हसायला लागली. "तुज्या बापाशीक एक सूर गावक येय नाय होतो. पैगंबरांची नातां म्हणाक लागलो की आमी कान धरू. ह्यो आवाज तुजो आसा, बाबा. तुजोच."

फैसलही हसला. अब्बा गेल्यापासून त्यांच्या नावाने तो एवढा मोकळा हसला नव्हता.

अल्बम सप्टेंबरात निघाला, एका लहानशा कंपनीकडून. महिनाभर काही झालं नाही. मग तिकडच्या एका रेडिओवाल्याने फैसलचं गाणं सकाळच्या कार्यक्रमात लावलं, आणि लोकांनी फोन करून ते पुन्हा मागितलं. नोव्हेंबरपर्यंत बँडला लहान हॉल पुरेनासे झाले. फैसलने पाठवलेला व्हिडिओ जमालने घरातल्या सगळ्यांना दाखवला: हजारो माणसं, हातात उजळलेले फोन, आणि सगळी तो कोरस गाताहेत. मधे फैसल उभा, घामाघूम. मागे मार्टिन खालचा सूर धरून.

"आता कारखानो पाडू नको म्हणतलो तो," सनोबर म्हणाली.

"इचारलंय मी तेका. म्हणालो, पाड, पाड. आमका व्हयी होती ती गाणी गावली."

ठरल्याप्रमाणे त्याच महिन्यात इमारत पाडली आणि सनोबरच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडक्या खाडीकडे उघडतात. फेब्रुवारीत पहिला पाहुणा आला तो मार्टिन, एकटाच. जमाल त्याला घ्यायला मोप्याला गेला आणि सामान बरंच असेल या अंदाजाने मोठी गाडी घेऊन गेला. मार्टिनच्या खांद्याला एक पिशवी होती, बस.

"गिटार?" जमालने हाताने वाजवून दाखवत विचारलं.

"घरी. ह्या वेळी नुसतं ऐकायचं," मार्टिन म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसून काच खाली केली.