चिकटलेले शेवटचे पान

मित्रांनो, फुजिएकाकू गेल्या, हे मला एका बुधवारी दुपारी कळले. तोकिकोबाईंनी फोन ठेवला, एप्रनला हात पुसले आणि दुकानातल्या चौघांना सांगितले, "शिमोदातेवहिनी गेल्या. आज सकाळी. झोपेतच." कुणीतरी लावलेले गाणे पडद्यावर चालूच होते. ते बंद करायचे कुणाला सुचले नाही. मी फोनच्या खाली होतो. हल्ली माझे काम तेवढेच, फोनला उंची देण्याचे.

मी गाण्यांच्या यादीचे एक जुने पुस्तक आहे. जपानमधल्या हाचिनोहे गावाच्या बंदरावर तोकिकोबाईंचे छोटे दुकान आहे. दुपारी लोक तिथे चहा पितात, मुरवलेला मुळा खातात आणि आळीपाळीने माइक घेऊन गातात. वाद्ये यंत्र वाजवते, शब्द पडद्यावर येतात, गळा तेवढा आपला. माझ्यात एकही गाणे पूर्ण नाही. फक्त गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव, पहिली ओळ आणि नंबर. तो नंबर चिठ्ठीवर लिहून तोकिकोबाईंना द्यायचा, की त्या गाणे लावत.

छापखान्यातून आलो तेव्हा मी विटेएवढा जाड होतो. सगळे मला मान देत. दोघांनी एकदम हात घातला तर एक जण म्हणे, "आधी तुम्ही." माझी रॉक गाण्यांची पाने सर्वांत मळकी झाली. त्या गाण्यांत दम लागतो, वरचा सूर फाटतो, तरी माणसे तीच पाने उघडत. आपल्याला झेपेल का, बाकीच्यांना ठाऊक असेल का, टाळ्या धरता येतील का, असा सगळा विचार करून बोट एका नंबरावर थांबे. बोट थांबले की मला माणूस कळायचा.

या लोकांची एक रीत आहे. एखादे गाणे एकदा कुणाचे ठरले की ते त्याचेच. दुसऱ्याने ते घ्यायचे नाही. हे कुठे लिहिलेले नाही, पण मोडलेले मी कधी पाहिले नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी सादाओकाका आणि फुजिएकाकू पहिल्यांदा दुकानात आले. काका जहाजांची इंजिने दुरुस्त करायचे. काकू बांगडा मासे डब्यांत भरायच्या कारखान्यात होत्या. काकूंनी मला मांडीवर घेतले आणि सरळ रॉकच्या पानांवर गेल्या. चार पोरांच्या बँडचे एक गाणे होते, समुद्राच्या वाऱ्याविरुद्ध सायकल हाणणाऱ्या मुलाचे. त्यांच्या तरुणपणी कारखान्यातल्या रेडिओवर ते रोज लागायचे. त्यावर त्यांचे बोट थांबले. नव्या गिऱ्हाइकाने माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर नाव, गाण्याचा नंबर आणि आपल्या गळ्याची पट्टी लिहायची असे. काकूंनी पेन्सिलीने लिहिले. मग चिठ्ठी दिली.

गाणे सुरू झाले. पुरुषांचे, आरडाओरड्याचे गाणे, म्हणून तोकिकोबाईंनी माइक काकांच्या हातात दिला. काकांना वाटले, बायकोने आपल्यासाठीच निवडले. ते उभे राहिले आणि गायले. त्यांना ते येत होते, कारण काकू भांडी घासताना तेच गुणगुणायच्या.

दुकान दणाणले. जाळी विणणारे कानेझो टेबल बडवून म्हणाले, "काय हो शिमोदाते! इतकी वर्षं हा गळा कुठं लपवला होता?"

"इंजिनात," काका म्हणाले.

सगळे हसले. काकूही हसल्या. मग त्यांनी मला पुन्हा ओढून शेवटच्या पानावर काहीतरी लिहिले. तेवढ्यात काकांचा कोपर लागून सरबताचा पेला माझ्यावर लवंडला. सरबत आंबटगोड आणि चिकट होते. वाळल्यावर माझे शेवटचे पान पुठ्ठ्याला घट्ट बसले. मित्रांनो, ते मी सोडायला हवे होते. मी सोडले नाही.

त्या दिवसापासून ते काकांचे गाणे झाले. काकू खंजिरी वाजवू लागल्या. दर बुधवारी चिठ्ठी त्याच लिहीत. नंबर पाठ होता, तरी मला उघडत आणि त्या ओळीवर बोट ठेवत. पुढे सपाट पडद्याचे यंत्र आले, सगळे त्यावर गाणी निवडू लागले, आणि मला फोनखाली जागा मिळाली. मला बाहेर काढणाऱ्या एकट्या फुजिएकाकू उरल्या.

एका बुधवारी काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. कानेझो म्हणाले, "वहिनी, आज रान मोकळं आहे. म्हणून टाका त्यांचं गाणं!"

"छे हो. त्यांचं आहे ते."

"त्यांना कोण सांगतंय?"

"तुम्हीच सांगाल. तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

सगळे हसले. काकूंचे बोट माझ्या पानावर होते. मला सगळे ठाऊक होते आणि मी गप्प होतो.

काकू गेल्यावर पन्नास दिवसांनी बुधवारची मंडळी पुन्हा जमली. तोकिकोबाईंनी काकूंच्या जागेवर चहाचा पेला ठेवला. कानेझो म्हणाले, "आज आधी वहिनींचं गाणं लावू. कोणतं हो त्यांचं?"

सगळे काकांकडे वळले. काका म्हणाले, "तिला खंजिरी वाजवायला आवडायचं."

"खंजिरी म्हणजे गाणं झालं का?" तोकिकोबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तिच्या शेजारी बसलात ना तुम्ही?" मग त्यांचा आवाज उतरला. "मीही समोरच होते म्हणा."

त्यांना शेवटच्या पानाची आठवण झाली. त्यांनी मला काढले, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरले आणि पान हळूहळू सोडवले. मला ऊब लागली, आणि लाजही वाटली.

काकांनी चष्मा लावून वाचले. फुजिए शिमोदाते, मग तो नंबर, मग 'पट्टी दोनने वर'. त्या सगळ्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारलेली होती. खाली त्याच अक्षरात, सादाओ शिमोदाते आणि तोच नंबर.

काकांनी त्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "मी घेतलं की हो तिचं."

"तुम्हाला काय ठाऊक?" कानेझो म्हणाले.

"विचारलं असतं तर ठाऊक झालं असतं."

काकांनी चिठ्ठी लिहिली. काकूंचे नाव, काकूंचा नंबर, पट्टी दोनने वर. गाणे सुरू झाले. माइक चहाच्या पेल्याजवळ ठेवला होता. कुणी तो उचलला नाही. पडद्यावर एकेक शब्द रंगत गेला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि सगळे नुसते बघत राहिले. टाळ्याही कुणी धरल्या नाहीत.

मित्रांनो, माझी पाने सुटू लागली आहेत. जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. पण मला सांगायचे ते वेगळेच आहे. तुम्ही गाणे निवडाल तेव्हा शेजारच्या माणसाला विचारा, "तुला कोणतं गायचंय?" तो "काही नाही" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

सादाओकाका अजून दर बुधवारी येतात. ते गात नाहीत. तोकिकोबाईंनी त्यांना खोडरबर आणून दिले आहे. काका माझे शेवटचे पान उघडतात, काकूंच्या नावावरच्या रेघेजवळ रबर नेतात आणि थांबतात. रेघ पेन्सिलीची आहे आणि नावही पेन्सिलीचे आहे; एक पुसले तर दुसरेही जाईल. रेघ पुसायची अजून राहिली आहे.