थापी कुणाच्या हाती

कुंपणाची भिंत बांधायची म्हणून इमारतीच्या अंगणात वाळूचा ढीग येऊन पडला आणि चिमणीच्या आईची झोप उडाली. वाळूत काचा असतात, खिळे असतात, मांजरं काय काय करून ठेवतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाळूत दुसऱ्यांची मुलं असतात.

पहिल्याच संध्याकाळी बळी तो कान पिळी सुरू झालं. तळमजल्यावरचा ढब्बू अंगाने सगळ्यांत थोराड. तो ढिगाच्या माथ्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "सगळी वाळू माझी." वरच्या मजल्यावरच्या जुळ्या भावांनी मुठी भरभरून त्याच्यावर वाळू फेकली. ती त्याला लागलीच नाही, चिमणीच्या डोळ्यांत गेली. पाच वर्षांची पोर, मुळात घुमी. रडलीसुद्धा आवाज न करता.

"उद्यापासून खाली जायचं नाही," तिच्या डोळ्यांवर पाणी मारत आई म्हणाली.

"अगं, वाळूच आहे, वाघ नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. "किती दिवस पदराखाली ठेवणार आहेस?"

"डोळ्याला काही झालं असतं म्हणजे?"

"मी जाणार," चिमणी म्हणाली. दिवसभरात ती जी मोजकी वाक्यं बोले, त्यांतलं हे एक.

शेवटी ठरलं. जायचं, पण पुन्हा रडत आली तर भिंत पुरी होईपर्यंत गॅलरी हेच अंगण. आईने खाली जाऊन गवंड्यालाही विचारून घेतलं, "मिस्त्री, ही वाळू संपणार कधी?"

"भिंत उभी राहिली की, वहिनी. तुम्ही म्हणाल तर रात्रीतून खाऊन टाकतो."

दुसऱ्या दिवशी मटार सोलायला आई खिडकीतच बसली. डोळे खाली, त्यामुळे दाणे सालीत आणि साली दाण्यांत. कॉलेजात राज्यशास्त्राच्या पेपरात तिने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की, राज्य कराराने जन्मलं ही नुसती कल्पना आहे. रानटी अवस्थेतली माणसं एका जागी बसली, आपापली मनमानी त्यांनी सोडली आणि सत्ता एकाच्या हाती सोपवली, हे घडताना पाहिलंय कुणी? मार्क चांगले पडले होते.

रानटी अवस्था तर खिडकीखाली हुबेहूब चालू होती. एकाने घर बांधायचं, दुसऱ्याने लाथ मारायची. ढब्बूचा किल्ला तेवढा उभा होता, कारण ढब्बू त्याच्यावरून हलत नव्हता. पण कितीही झालं तरी जीवच तो. ढब्बूला लागली शू. बराच वेळ तो पाय आवळून बसला, मग एकदाचा पळाला. परत येतो तर किल्ल्याच्या जागी जुळ्यांच्या चपलांचे ठसे.

तो रडला नाही, मारायलाही धावला नाही. मटकन बसला आणि म्हणाला, "असं नाही यार. मग कुणाचंच काही राहणार नाही."

मग ती पाच डोकी एकमेकांना चिकटली. खिडकीतून सगळं ऐकू आलं नाही, पण कळलं. कुणी कुणाचं घर मोडायचं नाही. वाळू फेकायची नाही. गवंड्याने टाकून दिलेली, कडा झिजलेली थापी ज्याच्या हातात, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. थापी रोज दुसऱ्याकडे. आणि थापीवाल्याने स्वतः वाळूत खेळायचं नाही, विटांवर बसायचं. ही शेवटची अट घातली त्यांच्यातल्या पाचव्या, चष्मेवाल्या मुलीने, आणि पहिली थापी तिच्याच गळ्यात पडली.

"बघितलंत का, आई?" चिमणीची आई सासूबाईंना म्हणाली. हातातली शेंग तशीच राहिली होती. "राज्य करायचं तर खेळ सोडायचा. एवढं कुणी शिकवलं यांना?"

"सूनबाई, मटार," सासूबाई म्हणाल्या.

घरं उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशीही उभीच दिसली. सकाळी गवंड्याने घमेलं आणलं आणि विटांपाशी अदबीने वाकून विचारलं, "सरकार, कुठल्या बाजूने उचलू?" चष्मेवालीने थापीने मोकळी बाजू दाखवली. तो तिथूनच भरून गेला.

त्या संध्याकाळी थापी ढब्बूकडे आली. थोडा वेळ तो विटांवर बसला. मग उठला, वाळूत शिरला आणि जुळ्यांच्या बोगद्यावरून स्वतःच्या किल्ल्याकडे सरळ रस्ता काढू लागला.

"ए, बोगदा!"

"थापी माझ्याकडे आहे. मी म्हणेन तेच."

आयत्या बिळावर नागोबा. वर खिडकीत आई उठली. आता मुठी भरणार, आता वाळू उडणार, आणि मधे आपली चिमणी. कालपासून न संपलेल्या मटाराचं ताट बाजूला सारून ती जिने उतरत धावली.

खाली एकही मूठ उठली नव्हती. चौघं ढिगावरून उतरून विटांवर बसली होती, हात मांडीवर. रिकाम्या वाळूत ढब्बू एकटाच हुकूम सोडत होता, "चला, बांधा रस्ता." कुणी हललं नाही.

"थापी आम्ही दिली होती," चिमणी हळूच म्हणाली. "तू वाळूत आलास. आता परत दे."

"नाही देणार."

"मग बस एकटा."

ढब्बूचा चेहरा लाल झाला. आईला राहवलं नाही. ती पुढे झाली, हात पसरला. "ढब्बू, दे बघू ती इकडे."

पाचही जणांनी तिच्याकडे पाहिलं, ढब्बूनेसुद्धा.

"आई," चिमणी म्हणाली, "तू कुठे होतीस ठरवताना? तू हो म्हणाली नव्हतीस. आणि तू वाळूत उभी आहेस. माझ्या घरावर."

पायाखालची वाळू सरकली म्हणजे काय, ते आईने खाली बघितल्यावर कळलं. चपलेखाली भिंतीचा कोपरा पार भुगा झाला होता. भिंतीपाशी गवंडी ओळंबा धरून खोकू लागला. खोकला तो नव्हताच.

ढब्बूने एकदा तिच्या चपलेकडे पाहिलं, एकदा आपण काढलेल्या रस्त्याकडे. मग गुपचूप विटांपाशी गेला आणि थापी चिमणीच्या हातात दिली.

चिमणी विटांवर नीट बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "ढब्बू, बोगदा नीट कर," ती म्हणाली. आणि मग थापी आईकडे वळली. "मोडलं त्याने बांधायचं."

आईने चपला काढल्या, ओचा खोचला आणि ढब्बूशेजारी गुडघ्यांवर बसून ओली वाळू थापायला घेतली.

"काकू, असं नाही. आधी दाबायचं," तो म्हणाला.

तिने दाबलं. कोपरा उभा राहिल्यावर मान वर न करताच तिने हाक मारली, "मिस्त्री, भिंतीची तशी काही घाई नाही हं."