घर क्रमांक चौदाचे मालक

बाबांनी आमच्या गावाचं घर-पुस्तक लिहायला अठरा वर्षं घेतली. जर्मनीतल्या आमच्यासारख्या जुन्या गावांची अशी पुस्तकं असतात. पेठेतलं एकेक घर घ्यायचं आणि ते कोणाकोणाच्या मालकीचं होतं, ते सालवार मांडायचं. लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा, आत्माराम सबनीस, रोज सकाळच्या बसने दफ्तरखान्यात जायचे आणि तीनशे वर्षांपूर्वीचे चांभार आणि पाववाले शोधत बसायचे. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्यानं पेठ जाळली, ती पुन्हा उभी राहिली. १९६९ मध्ये आमचा जिल्हाच शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला. कचेरी गेली, मग न्यायालय, मग रेल्वे. दुकानांच्या काचांमागे आता फक्त वाळलेली फुलं असतात.

"जाळलेलं परत बांधता येतं गं," बाबा म्हणायचे. "लोक उठून गेले की काय बांधणार?"

मी स्वतः बर्लिनला निघून गेलेली.

बाबा जानेवारीत गेले. पुस्तक मार्चमध्ये छापायला जायचं होतं. इतिहास मंडळाच्या अध्यक्ष फ्राऊ क्रेमर यांनी शेवटच्या मुद्रितांची फाइल तपासायला माझ्याकडे दिली. त्याच आठवड्यात मला आणि धाकट्या भावाला, मल्हारला, बाबांचं भाड्याचं घर रिकामं करून द्यायचं होतं.

मार्क्टश्ट्रासे चौदा. आई-बाबा तिथे तेहेतीस वर्षं राहिले. आई तिथेच, स्वयंपाकघरात गेली. पुस्तकातलं त्या घराचं पान १७०२ मधल्या दोरखंड वळणाऱ्यापासून सुरू होतं आणि "१९८७ पासून वारसदार, श्टुटगार्ट" इथे संपतं. बाबांचा नियम होता, फक्त मालक. भाडेकरूंची नोंद नाही.

मी फ्राऊ क्रेमरना फोन केला. "एकच ओळ घालायची आहे."

"हे बघा, ऊर्मिला, मी सांगून थकले. म्हटलं, सबनीससाहेब, स्वतःला तरी घाला. तर म्हणाले, मी काय, किल्ली उसनी घेतलेला माणूस."

"मग?"

"म्हटलं, तेहेतीस वर्षं उसनी किल्ली ठेवणाऱ्याला आमच्याकडे चोर म्हणतात. खूप हसले." मग म्हणाल्या, "फाइल तुमच्याकडेच आहे. मी पुन्हा वाचणार नाही."

मी ओळ घातली. आत्माराम आणि सरला सबनीस, १९९१ ते २०२४. पान भरल्यासारखं वाटलं.

"ताई, हात चालव," मल्हार शिडीवरून ओरडला. तो वाल्डॉर्फहून पहाटे आला होता. "बाराला मालकांचा माणूस येतोय. मुलगी बघायला आल्यासारखा एकेक खिळ्याचं भोक बघतो म्हणे."

भोकं बुजवून, भिंती पांढऱ्या करून घर परत द्यायचं, असा करार होता. शेगडीमागच्या फोडणीच्या डागांवर तीन हात द्यावे लागले. तिसरा हात देताना मला नऊ नंबरच्या घरातला इस्माइल शिंपी आठवला. एक्केचाळीस वर्षं भाडेकरू. गेल्या वर्षी त्याची मुलगी आयशे त्याचा फोटो घेऊन बाबांकडे आली होती. बाबा हळू आवाजात म्हणाले होते, "तुझ्या वडिलांना घेतलं तर मोलकरणी, शिकाऊ पोरं, पोटभाडेकरू, सगळ्यांना घ्यावं लागेल. त्यांची नावं कुठे लिहिलेलीच नाहीत. थांबायचं कुठे?" आयशेनं माझ्याकडे पाहिलं होतं. मी म्हटलं, "बाबांचं बरोबर आहे," आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिनं तो पूर्ण प्यायला आणि फोटो पिशवीत ठेवला.

मी ब्रश ठेवला आणि मल्हारला ओळीचं सांगितलं.

"राहू दे ना. कोण बघणार आहे?"

"आयशे बघेल."

"मग तिच्या वडिलांनाही घाल."

"आणि त्यांच्या आधीचे?"

त्यानं रोलर रंगात बुडवला.

मी हात धुतले, ओळ काढली आणि फाइल पाठवून दिली.

मालकांचा माणूस बाराला आला. भिंतींवरून हात फिरवला, खूश झाला. त्याच्या कागदावर "भाडेकरू" या शब्दापुढे बाबांचं नाव टाइप केलेलं होतं. मी खाली सही केली, किल्ल्या दिल्या. त्यानं एक प्रत माझ्या हातात ठेवली.

"ही सहा महिने ठेवा," तो म्हणाला. "मग टाकून दिली तरी चालेल."