बुडबुडे थांबेपर्यंत

मी गोठ्याबाहेरची दगडी डोण बोलतेय. आधी काठावरून उठा. तिथे बसून फोटो काढायला मी बाक नाही. गोड बोलायची मला सवय नाही, आणि तुमच्याशी गोड बोलावं असं तुम्ही काही केलेलंही नाही.

मी एका अखंड काळ्या दगडातली. पाथरवटाने मला आतून कोरलं तेव्हा एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून जपली, ती म्हणजे तळाला चीर पडू नये. पाणी धरणं हे माझं काम. गुरं माझ्यात तोंड घालत, नाकातून फुसफुसत, काठावर लाळ सोडून जात. तेव्हा गोठ्याला शेणाचा वास यायचा, कोठारात उंदीर होते, कौलं गळायची. "किती सुंदर जुनी जागा" म्हणायला तुमच्यातलं एक माणूस तेव्हा इकडे फिरकलं नाही.

गुरं गेली आणि या घरच्या आईने अंगणात रोपवाटिका उभी केली. काळ्या पिशव्यांत रोपं वाढू लागली. तिचा एक नियम होता. रोप विकलं गेलं की ते पिशवीसकट माझ्यात बुडवायचं. मातीच्या गोळ्यातून बुडबुडे वर येतात. ते येताहेत तोवर गोळा आतून कोरडा आहे असं समजायचं. बुडबुडे थांबले की रोप प्रवासाला तयार.

"बाई, गाडी बाहेर उभी आहे हो," गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"गाडीला तहान लागत नाही," ती म्हणायची आणि रोपावरचा हात काढायची नाही.

आई गेली. मागे उरली तिची दोन मुलं. थोरली रोपं वाढवते, धाकटा विक्री बघतो. एकदा एका पाहुणीला गोठ्याच्या भिंतीपुढे फोटो काढताना धाकट्याने पाहिलं आणि त्याचं डोकं चालू लागलं. कोठारात कॉफी आली. गोठ्यात टेबलं आली. गाई बांधायच्या दाव्यांच्या जागी दिव्यांच्या माळा लोंबू लागल्या. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"ताई, डोणीत फुलं लावू. झकास दिसेल."

"आणि रोपं कशात बुडवू? तुझ्या कॉफीत?"

"बादली आहे की."

थोरली वाफ्यांकडे गेलेली असताना गवंडी मशीन घेऊन आला आणि त्याने माझ्या तळाला आरपार भोक पाडलं. पाणी साचून फुलांची मुळं कुजू नयेत म्हणून. ज्याला पाणी धरण्यासाठीच घडवलं त्याला भोक पाडायचं आणि वर त्याला सजावट म्हणायचं, ही अक्कल फक्त माणसांकडे असते.

थोरलीने फाटकाशी निळा टब ठेवला. फोटोत येतो म्हणून धाकट्याने तो शेडमागे टाकला. तिने परत आणला, त्याने परत नेला. आणि तुम्ही? तुम्हीच म्हणालात ना, "ओली पिशवी नको, गाडीची सीट भिजेल"? कोरडी रोपं मांडीवर घेऊन गेलात, आणि आठवड्याभरात ती वाळली की इथल्याच नावाने खडे फोडलेत.

परवा रविवारी एक बाई लिंबाचं वाळकं रोप घेऊन आली. अंगण माणसांनी भरलेलं. तिने ते थोरलीपुढे आपटलं.

"रोज न चुकता पाणी घालत होते मी. तुमच्याकडचं काही जगतच नाही."

थोरलीने पिशवी फाडली, गोळा हातात फोडला. वरून चिखल, आत राख. वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून गेलं होतं, आत शिरलंच नव्हतं.

"बघ," ती धाकट्याला म्हणाली.

"तेच बघतोय, ताई. तक्रारी ऐकून कान किटले माझे. रोपं वाढवणं बंद करू आपण. शोभेच्या कुंड्या बाहेरून तयार आणू. वाफ्यांच्या जागेत गाड्या लावता येतील."

ज्या वाफ्यांत तिचे गुडघे झिजले, ते वाफे. थोरलीने फावडं उचललं आणि ती माझ्याकडे आली. काठावर एक मुलगी केस सारखे करत बसली होती.

"उठा."

"काकू, एकच फोटो."

"उठा म्हटलं ना."

मुलगी उठली. फुलं मुळांसकट उपटली गेली, माती फावड्याने फरशीवर पडू लागली. धाकटा दात आवळून म्हणाला, "ताई, लोक बघतायत."

"बघू दे. बघायलाच आलेत."

तिने लाकडाची खुंटी तासली, माझ्या भोकात ठोकून बसवली आणि मला काठोकाठ भरलं. मग लिंबाचं नवं रोप त्या बाईच्या हातात दिलं आणि तिचाच हात मनगटापर्यंत पाण्यात दाबला. बुडबुडे आले. येत राहिले. बाई घड्याळ बघत होती, थोरली बाईकडे. धाकटा मात्र पाण्याकडे बघत होता. लहानपणी माझ्या काठावर पालथा पडून तो हेच बुडबुडे बोटाने फोडायचा. त्याला ते आठवलं की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या तोंडून आलं ते एवढंच:

"ही खुंटी टिकली तर वाफे राहतील. डोण रिकामी झाली तर पुन्हा फुलं, आणि वाफ्यांवर गाड्या. आहे कबूल?"

"आहे."

तेव्हापासून धाकटा रोज सकाळी वाकून माझ्याखालची जमीन चाचपतो. अजून ओल आहे, खुंटी थोडी झिरपते. पण लाकूड भिजलं की फुगतं, आणि फुगलं की घट्ट बसतं. मी भरलेली राहिले तर ते माझं पाणी धरून ठेवील. आणि वापर असेल तरच कुणी मला रोज भरील, म्हणजे रोपं बुडवायला माणसं यायला हवीत, म्हणजे तुम्ही. माझं नशीब बघा, तुमच्याशिवाय भागत नाही.

तेव्हा रोप घेतलं असेल तर इथे आणा, बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत गप्प उभे राहा. घेतलं नसेल तर वाट सोडा. आणि सीट भिजेल म्हणून सांगू नका. भिजू दे.