जयमाला गाडी उलटी घेते

अमडापूरच्या निवृत्तीनं एकतीस वर्षं एसटी चालवली, पण समुद्र काही पाहिला नाही. त्याची धाव चिखली, खामगाव, फार तर अकोल्यापर्यंत. रिटायर झालो की तुले समुद्र दाखवतो, बेटावरचा किल्ला दाखवतो, असं तो बायकोला दर उन्हाळ्यात सांगायचा आणि जयमाला कुरडया घालता घालता "हाव, हाव" म्हणायची. रिटायर व्हायला चार महिने उरले आणि त्याच्या उजव्या पायावरून वारं गेलं. झालं! ज्या पायानं ब्रेक दाबायचा, तोच पाय काठीच्या भरवशावर आला.

पुढचं वर्ष जयमालेनं कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. दर पंधरवड्याला नवऱ्याला खामगावला डॉक्टरकडे न्यायचं आणि गाडी होती दिराची, नारायणरावांची. सकाळी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसायचं, नारायणरावांची अंघोळ, चहा, पान, चार फोन आटपेपर्यंत रस्त्याकडे पाहत राहायचं. एके दिवशी असंच बसल्या बसल्या दुपारचे दोन वाजले, आणि बाई उठली. गळ्यातली पोत मोडून जुनी पांढरी अल्टो घेतली आणि बावन्नाव्या वर्षी चिखलीला जाऊन गाडी शिकली. गावाला काय, आयतंच मिळालं! "निवृत्ती, ड्रायव्हरचा कंडक्टर झाला काय बे!" असं पारावरून कुणी ओरडलं की निवृत्तीची मान खाली जायची. गाडीत बसला तरी तो तोंड खिडकीबाहेर करून बसायचा.

गाडी पुढं झकास चालायची. मागं घ्यायची वेळ आली की मात्र जयमालेच्या हाताला घाम फुटायचा. नवऱ्याला आता आपणच समुद्रावर न्यायचं असं तिनं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात तिनं नारायणरावांचा गुरांचा हौदच फोडला. त्या दिवशी सगळ्या भावकीसमोर नारायणराव बोलले, "वयनी, समुद्रावर जातो म्हनता, जा. पण रस्त्यात कुठंबी स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या लागलं, तं आल्यावर चावी माह्याजवळ द्यायची."

"देईन," जयमाला म्हणाली. "आन नाई द्या लागलं, तं पुन्हा माह्या गाडीचं नाव काढायचं नाई."

बोलली खरी, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही. चावी गेली म्हणजे पुन्हा तोच ओटा. तिला मरण परवडलं असतं, तो ओटा नको होता.

मे महिन्याच्या उन्हात दोघं निघाली. मागच्या सीटवर भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या दोन कॅन. निवृत्ती डावीकडे बसून मोकळ्या जागेत पाय दाबत होता. "क्लच वं! क्लच!"

"अवो, तुमच्या हाती खिडकी हाये, तेवढी सांभाळा."

पुण्यात लेकीकडे मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी घाट उतरला. श्रीवर्धनला झाडीतून एकाएकी समुद्र समोर आला आणि जयमालेनं गाडी बाजूला लावली. दोघं वाळूत उतरून पार पाण्यापर्यंत गेली. मग तिला रागच आला. "एवढं पानी! आन आपल्याकडं नळ आठव्या दिवशी!" निवृत्ती इतका हसला की त्याची काठी वाळूत पडली. ती रात्र त्यांनी तिथंच काढली.

बेटाकडे जायला मध्ये एक खाडी लागत होती. गाडीसकट फेरीबोटीनं ओलांडायची. जेट्टीवर पोहोचली तर पाहते काय, सगळ्या गाड्या उलट्या चढत होत्या! ओला, शेवाळलेला उतार, खाली बोटीची लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना पाणी. जयमालेनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

बोटीवरचा माणूस जवळ आला. माणूस वाईट नव्हता. "काकी, चावी द्या. बायकांच्या गाड्या आम्हीच चढवतो."

"मी चढवते," जयमाला म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

तेव्हा निवृत्ती हळूच म्हणाला, "दे ना वं चावी. इथं कोनाले कळते?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हौद फुटला तेव्हा नाही, पारावरचे हसले तेव्हा नाही, पण आत्ता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले कळते," ती म्हणाली. "तुमी तं असं म्हनू नका."

 निवृत्तीनं दार उघडलं, आधी काठी खाली टेकवली, मग पाय.

"आता कुठं चालले?"

"गाडी मागं घ्याची म्हनल्यावर कंडक्टर खाली पाह्यजे का नाई? एकतीस वर्षं मी कंडक्टर उतरल्याबिगर कधी रिव्हर्स टाकला काय? तुले मातर एकटीले टाकाले लावला." तो लंगडत गाडीच्या मागं गेला. बोटीवरच्या माणसाला म्हणाला, "बाजूले व्हा भाऊ. आमचा ड्रायव्हर येऊन राह्यला."

मग दोन बोटं तोंडात घालून त्यानं अशी शिट्टी मारली की जेट्टीवरचे कावळे उडाले. "येऊ द्या! येऊ द्या! थोडं माह्या बाजूनं!" काठी गाडीच्या पत्र्यावर बडवत तो एक एक पाऊल मागं सरकत होता. जयमालेनं पाण्याकडे पाहणं सोडून दिलं. आरशात निवृत्ती दिसत होता, तो दिसेल तिकडे ती चाक वळवत गेली. मागची चाकं फळीवर धडधडली, मग पुढची. निवृत्ती बाजूला झाला आणि सिंगल बेलसारखा काठीचा एकच ठोका पडला. तिनं ब्रेक दाबला. बोटीवर आधी चढलेली जीप आणि तिची गाडी यांच्यात वीतभर जागा होती.

"वा काकी!" बोटीवरचा माणूस म्हणाला. जयमालेनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसत होती आणि रडतही होती, आणि निवृत्ती खिडकीतून तिच्या पाठीवर हात फिरवत होता.

दुपारी शिडाच्या होडीनं दोघं बेटावर गेली. नावाड्यांनी निवृत्तीला दोन्ही बगलांत धरून किल्ल्याच्या पायरीवर उतरवलं. बुरुजाच्या सावलीत बसून भाकरी सोडली, तोच नारायणरावांचा फोन आला. निवृत्तीनं स्पीकर लावला.

"पोचले काय दादा? खरं सांग, गाडी कोनं आनली?"

"ड्रायव्हरनं."

"कोनता ड्रायव्हर ठेवला?" नारायणरावांचा आवाज चांगलाच खुलला. "म्हंजे तू नुसता बसून गेला?"

"नुसता काऊन?" निवृत्ती मोठ्यानं म्हणाला. बाजूची माणसं वळून पाहायला लागली, तरी त्यानं आवाज खाली आणला नाही. "गाडी जयमालेनं आनली, बोटीवर उलटी चढवली. अन् मी तिचा कंडक्टर हाओ. पारावर सांगजो सगळ्याईले. आन चावीची वाट नको पाहू, ते तिच्या कमरेले हाये."

त्यानं फोन ठेवला, काठीनं दगडावर कंडक्टरच्या डबल बेलसारखं दोनदा ठोकलं, आणि जयमालेनं भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.